नजर छपरावरच ठेवायची

टॅमसिन पेल आणि जेथ्रो हॉकिन यांची पहिली नजरानजर झाली, तेव्हा टॅमसिन क्रिकेट क्लबाच्या पॅव्हिलियनच्या ओसरीवर रांगत होती आणि तिच्या चिमटीत एक लेंडी होती.

प्रेमाची सुरुवात कशी व्हावी याचे काही संकेत आहेत. वाऱ्याने छत्री उडावी, निदान दोघांनी एकमेकांना धडकून हातातलं सामान तरी सांडावं. पण एल्मस्टोकच्या कौन्सिलात इकॉलॉजिस्टची नोकरी करणाऱ्या मुलीच्या नशिबात असले लाड कुठले? कुणाला ओढ्यावर पूल बांधायचाय, कुणाला जुनं कोठार पाडून घर करायचंय, कुणाला कुंपणाची झाडी छाटायचीय... असा प्रत्येक अर्ज फिरत फिरत टॅमसिनच्या टेबलावर यायचा. मग टॅमसिन गमबूट चढवून बघायला जायची, की तिथे आधीपासून कोण राहतंय. पाणसरडा असो, घुबड असो, वटवाघूळ असो. जो कोणी असेल त्याची बाजू मांडायची, हे तिचं काम. गावात तिला 'वाघळांची वकीलीण' म्हणत. तोंडावर नाही म्हणत; पण इंग्लंडच्या समरसेटातल्या गावात पाठीमागचं बोलणं तोंडापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो!

"काही हरवलंय का?" वरून आवाज आला.

टॅमसिनने मान वर केली. वळचणीवरून एक उलटं डोकं लोंबत होतं. उलटं लोंबणाऱ्या जिवांची तिला सवय होती, पण त्यातलं कुणी आजवर तिच्याकडे बघून हसलं नव्हतं.

"हरवलं नाही, सापडलंय," ती म्हणाली, आणि चिमटीतली लेंडी तिने बोटांनी कुसकरली. तिची भुकटी झाली. "उंदराची असती तर तिचा असा भुगा झाला नसता. ही वाघळाची. बघा... चमकतेय ना? किड्यांचे पंख आहेत ते."

"वा! इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी लेंडी दाखवली नव्हती."

"तुम्ही आधी खाली या. आणि छपराला हात लावू नका."

"छपराला हात न लावता खाली कसा येऊ? उडत?"

टॅमसिनने जीभ चावली. तो शिडीवरून उतरला. उंच, अंगाने शेलाटा, केसांत गव्हाच्या काडाचे तुकडे अडकलेले. छपरं शाकारणं हा त्याचा धंदा. एका गावचं छप्पर झालं की गाडीत पेंढ्या नि अवजारं टाकून पुढच्या गावाला जायचं, असं त्याचं आयुष्य. पॅव्हिलियनचं काडाचं छप्पर कुजलं होतं, म्हणून क्लबाने त्याला बोलावलं होतं. इमारत मात्र कौन्सिलच्या मालकीची, त्यामुळे टॅमसिनने हो म्हटल्याशिवाय एक काडी हलवता येणार नव्हती.

तेवढ्यात सर आली. दोघं ओसरीवर आत सरकले, तर छप्पर बरोबर दोघांच्या मधोमध गळायला लागलं. जेथ्रोने शिताफीने क्लबाची चहाची किटली धारेखाली सरकवली.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मॅचच्या दिवशी काकडीची सँडविचं छत्रीखाली धरून खातात बिचारे."

"वाघळं इथे नुसती येऊन-जाऊन असतील, तर तुमचं काम उद्या सुरू करा. पण छपरात राहत असतील... तर मग शरदापर्यंत थांबावं लागेल. आत पिल्लं असतात. कायदाच आहे तसा."

"आणि मी? मी शरदापर्यंत काय करू?"

"तुम्हाला पिल्लं नाहीत ना?"

"नाहीत. बायकोही नाही. विचारलंत म्हणून सांगतो."

"मी विचारलं नव्हतं!"

"राहू द्या. पुढेमागे उपयोगी पडेल."

टॅमसिन वळून पावसाकडे बघू लागली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि पावसात तसं काही नव्हतं की जे बघून कान लाल व्हावेत.

पाऊस थांबेपर्यंत त्याने तिला सगळं सांगून टाकलं. हे काम मिळालं तर पानगळ होईपर्यंत तो एल्मस्टोकमध्येच. नाही मिळालं तर त्याचा जुना उस्ताद त्याला आयर्लंडला बोलावतोय; समुद्राकाठच्या घरांची अख्खी रांग शाकारायची आहे, म्हणजे दोनेक वर्षांची निश्चिंती. तिथे एकदा गेलेला शाकारणारा सहसा परत येत नाही, हेही त्याने हसत हसत सांगितलं. टॅमसिनला मात्र त्या हसण्याचा, का कोण जाणे, जरा रागच आला.

* * *

छपरात वाघळं राहतात की नाही हे ठरवायची रीत सोपी आहे. दिवस मावळताना इमारतीच्या बाजूंना खुर्च्या टाकून बसायचं आणि छपरातून कोण बाहेर पडतंय ते बघायचं. अट एकच: पाऊस नको. पावसात वाघळं घरातच बसतात.

आणि त्या जूनमध्ये पावसाने काय ठाण मांडलं म्हणता! संध्याकाळ झाली की टॅमसिन खुर्ची घेऊन मैदानावर यायची, आभाळ भरून यायचं, आणि जेथ्रो थर्मास घेऊन हजर व्हायचा. ओसरीवर किटलीच्या दोन बाजूंना दोघं बसायचे. तो तिला काडाची पेंढी कशी ठोकून बसवायची ते सांगायचा. ती त्याला सांगायची, की बोटभर वाघूळ एका रात्रीत हजारो चिलटं खातं.

"म्हणजे तुम्ही ज्यांची वकिली करता ते अशील फुकटचे नाहीत."

"माझे अशील फी देत नाहीत, पण निदान चहात साखर जास्त घालत नाहीत."

"जास्त झाली?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतके दिवस प्यायलात कशा?"

टॅमसिनने कप रिकामा करून पुन्हा पुढे केला. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

हळूहळू असं झालं, की दुपारी ढग नसले की तिला हुरहुर लागायची. आभाळ निवळलं की पाहणी होणार, आणि पाहणी झाली की या संध्याकाळी संपणार. कौन्सिलच्या इकॉलॉजिस्टने पाहणी टळावी म्हणून पाऊस मागणं, म्हणजे न्हाव्याने टक्कल मागण्यासारखंच. पण मनाला कुणी आवरावं?

तिच्या वरिष्ठ ग्लेनिसबाईंनी बरोबर ओळखलं. ग्लेनिस वेल्सच्या; केस पांढरे, गमबूट हिरवे, आणि नियमाच्या इतक्या पक्क्या, की वळचणीचं पाणी एकवेळ आढ्याला जाईल पण बाई नियमावरून हलायच्या नाहीत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हल्ली हवामानाचा अंदाज वाचून तू उसासे टाकतेस. चांगल्या अंदाजाला."

"कुठे काय!"

"उद्या कोरडं आहे. माणसं दोनच, मी एका कुशीला बसते, तू पुढच्या बाजूला. आणि त्या शाकारणाऱ्याला सांग, लांब बस म्हणून."

टॅमसिनने सांगितलं. तो लांब बसला... हातभर.

* * *

संध्याकाळ अशी निवळली होती, की कुणी पुसून ठेवावी. इंग्लंडातला जून, सूर्य गेला तरी उजेड जायला तयार नव्हता. कापलेल्या गवताचा वास येत होता. टॅमसिनने मांडीवर एक छोटी डबी ठेवली. वाघळांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. ही डबी तो टकटक करून ऐकवते. आणि तिने छपरावर नजर लावली.

"आता बोलायचं नाही का?" शेजारून हळूच विचारणा झाली.

"बोलायला हरकत नाही. पण नजर छपरावरच ठेवायची. पापणी लवायच्या आत वाघूळ निघून जातं."

"म्हणजे मी इथे दात विचकले, जीभ काढली, तरी तुम्हाला दिसणार नाही?"

"नाही. आणि तुम्ही तसं करताय हे मला कळतंय."

तो हसला. छपराकडे बघत तीही हसली. अंधूक होत चाललेल्या त्या उजेडात त्याचा आवाज तिला इतका जवळचा वाटत होता, की त्याला चेहरा असण्याची गरजच नव्हती. तो आईबद्दल बोलला, पहिल्या छपरावरून पडला त्याबद्दल बोलला. ती, शाळेत असताना दप्तरात बेडूक नेला होता, ते बोलली.  

"टॅमसिन..."

"हं?"

"इतके दिवस आपण बोलतोय. तुम्ही एक तर पावसाकडे बघता, नाहीतर छपराकडे. माझ्या डोळ्यांचा रंग तरी माहितेय तुम्हाला?"

"तपकिरी," ती पटकन म्हणाली.

"चूक."

चूक? चूक कशी असेल? टॅमसिनच्या निरीक्षणाला आजवर कुणी चूक म्हटलं नव्हतं. पाणसरड्याच्या पोटावरचे ठिपके बघून ती पाणसरडा ओळखायची! तिची मान वळली.

तपकिरी होते. स्वच्छ, तपकिरी, आणि चक्क खोटं बोलल्याच्या आनंदाने भरलेले.

"तपकिरीच तर आहेत!"

"आहेत. पण 'बरोबर' म्हटलं असतं, तर तुम्ही वळून बघितलं असतंत का?"

आता खरं म्हणजे तिने लगेच नजर फिरवायला हवी होती. फिरवली नाही. त्यानेही फिरवली नाही. थर्मासचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. 

टक-टक-टक-टक. मांडीवरची डबी वाजली.

टॅमसिनने मान वर झटकली. डोक्यावरून एक इवलीशी सावली गिरकी घेत गेली आणि नदीकाठच्या झाडांत दिसेनाशी झाली. पण आली कुठून? छपरातून? की त्या झाडांतूनच निघून इकडे फेरी मारून गेली? नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच टॅमसिन पेलला काय घडलं ते माहीत नव्हतं.

त्यानंतर ती शेवटपर्यंत छपरावर नजर रोवून बसली. आणखी काही निघालं नाही.

"माझ्या बाजूने काही नाही," खुर्ची मिटत ग्लेनिस म्हणाल्या. "तुझ्या?"

"मला... काही निघताना दिसलं नाही."

शब्द खरे होते. तरीही घरी जाईपर्यंत तिने ते मनात दहादा घोळवले.

* * *

परवानग्यांची समिती बसली त्या दिवशी सभागृहात नेहमीपेक्षा गर्दी होती. क्लबाचे अध्यक्ष, जुने यष्टिरक्षक बर्ट्रम पॉमफ्रेट क्लबाचा टाय लावून पुढच्या रांगेत बसले होते. मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेला जेथ्रो. त्याने लांबूनच तिला हसून हात केला, आणि टॅमसिनने हातातल्या कागदांत डोकं घातलं.

किती सोपं होतं सगळं! 'दिसलं नाही' एवढंच म्हणायचं. पॉमफ्रेटना छप्पर, जेथ्रोला काम, आणि तिला... तिला पानगळीपर्यंत तो. कुणाचंच वाईट होणार नव्हतं. फक्त त्या काडाच्या आत कदाचित बोटभर आया आपली नखाएवढी पिल्लं पोटाशी धरून लोंबत असतील, आणि कुणीतरी एक दिवस वरून छप्पर ओरबाडून काढेल.

"मिस पेल," समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "छपरातून वटवाघळं निघताना दिसली नाहीत, असं समजायचं ना?"

"दिसली नाहीत," टॅमसिन म्हणाली.

पॉमफ्रेटसाहेबांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"पण..." ती पुढे म्हणाली, "डोक्यावरून एक वाघूळ गेलं. आणि ते गेलं त्या वेळी मी छपराकडे बघत नव्हते."

ग्लेनिसबाईंनी चष्मा काढला.

"मग कुठे बघत होतात?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.



"मिस्टर हॉकिन यांच्याकडे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षीणबाई गंभीर राहायचा आटोकाट प्रयत्न करत होत्या. "किती वेळ, मिस पेल?"

"एखादं वाघूळ छपरातून निघून जाईल इतका वेळ. म्हणून ही पाहणी धरता येणार नाही. पुन्हा करावी लागेल. तोपर्यंत छपराला हात लावू नये."

आता मात्र सगळं सभागृह हसायला लागलं. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा मारून घेतलेली मुलगी गावाने पहिल्यांदाच बघितली होती. टॅमसिनला वाटलं, धरणी दुभंगावी.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. जेथ्रो उभा राहिला होता.

"बाई, दोष त्यांचा नाही. त्या छपराकडेच बघत होत्या. मी खोटं बोलून त्यांना वळायला लावलं."

"असं? आणि तुम्ही स्वतः कुठे बघत होतात?"

"मी पहिल्यापासून त्यांच्याकडेच. मला छपराचं बंधन नव्हतं."

हशा इतका झाला, की पॉमफ्रेटसाहेबांचं 'आणि आमच्या सँडविचांचं काय?' कुणाला ऐकूच गेलं नाही.

* * *

तो बाहेर पायरीवर उभा होता. भुरभुर चालू होती. टॅमसिन जवळून निघून जायला बघत होती, पण पायरी अरुंद होती.

"कमाल आहे तुझी," तो म्हणाला. "माझं काम घालवलंस आणि त्याच वाक्यात सगळ्या गावाला सांगितलंस, की मी तुला आवडतो. आता मी आधी कशावर चिडू?"

"तू आवडतोस असं मी म्हटलं नाही. बघत होते एवढंच म्हटलं."

"हो, तेही आहे."

पण दोघांनाही हसू फुटेना. त्याने खिशात हात घातले.

"उस्तादाचा फोन आला होता. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. इथे वाघळं निघाली तर..."

"तर जा." तिला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात आलं ते. "दोन वर्षांचं काम आहे. नुसतं माझ्यासाठी रिकाम्या हाताने इथे बसलास, तर एक दिवस मला बोल लावशील."

"मी लावेन?"

"सगळे लावतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग कॉलर वर करून पावसातून निघून गेला. टॅमसिन पायरीवर उभी राहिली. तिला रडू येत होतं. रागही येत होता: त्याचा, कायद्याचा, आणि त्या एका बोटभर वाघळाचासुद्धा, ज्याला नेमकी तीच वेळ सापडली.

* * *

दुसऱ्या पाहणीला ग्लेनिसबाईंनी चारही बाजूंना माणसं ठेवायचं ठरवलं; पहिल्या खेपेला मागची बाजू सुटली होती. एका कुशीला त्या स्वतः, दुसरीला पॉमफ्रेट, पुढे टॅमसिन. मागच्या बाजूला क्लबाचा एक गोलंदाज यायचा होता. पण दुपारी झेल घेताना त्याच्या डोळ्यावरच चेंडू बसला. वाघळं मोजायला एक डोळा पुरत नाही.

"मी बसतो," मागून आवाज आला. जेथ्रो.

शनिवार होता. टॅमसिनने त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"हा कसा चालेल?" पॉमफ्रेट म्हणाले. "वाघळं निघाली तर याचंच काम जातंय!"

"आणि तुमचं छप्पर लांबतंय, पॉमफ्रेटसाहेब. तुम्ही चालता, मग हाही चालेल. या गावात ज्याचा या छपराशी संबंध नाही असा माणूस मी कुठून आणू?" ग्लेनिसबाई जेथ्रोकडे वळल्या. "दिसेल ते सांगशील?"

"सांगेन."

"तिच्याकडे बघणार नाहीस?"

"मधे अख्खी इमारत आहे, बाई."

"म्हणूनच पुन्हा विचारत नाही." त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक वॉकी-टॉकी दिली. "सगळे एकाच चॅनेलवर आहेत. कामाचंच बोला."

उजेड हळूहळू विरघळत गेला. टॅमसिन छपराकडे बघत होती. गवतातून ओलसर गारवा वर येत होता. तिला पहिल्यांदाच वाटत होतं, की आज काही निघू नये. एकही नको. वाघळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरात सुखाने राहोत. असं वाटल्याबद्दल तिला लाज वाटली, तरीही वाटायचं थांबलं नाही.

वॉकी-टॉकीची पेटी खरखरली. "पॉमफ्रेट बोलतोय. इकडे एक मांजर."

"मांजर नको," ग्लेनिस म्हणाल्या.

 आकाशात पहिली चांदणी दिसली. टॅमसिनच्या बाजूला काहीच हललं नाही. आता वेळ टळत आली, असं मनाशी म्हणून तिने श्वास सोडला... तोच पेटी पुन्हा खरखरली. पण कुणी बोललं नाही. नुसतं बटण दाबून धरल्याचा आवाज. जेथ्रोच्या बाजूने.

त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत होतं. टॅमसिनला कळलं. त्याने काहीतरी बघितलं होतं. अजून गप्प राहता येत होतं. मागच्या बाजूला तो एकटाच होता. तो गप्प राहिला असता तर सोमवारी शिडी लावून छपरावर चढला असता, आणि कुणाला कधी कळलं नसतं.

"निघालं," जेथ्रो म्हणाला. "वळचणीखालून. छपरातूनच."

टॅमसिनने डोळे मिटले नाहीत. मिटायचे नव्हतेच. पण त्यातून पाणी आलं, आणि छप्पर धूसर झालं, तरी ती बघत राहिली.

"आणखी एक. थांबा... आणखी दोन. अरे, रांगच लागलीय! एकामागून एक... काडं सरसरतात बघा... गेलं माझं काम!" आणि तो हसायला लागला. अगदी मोकळं, पोटातून. "टॅमसिन, काय सुंदर दिसतंय गं हे!"

"मिस्टर हॉकिन, नुसता आकडा सांगा," ग्लेनिस.

"सांगतो, बाई, सांगतो, पण तुम्ही बघायला हवं होतं..."

टॅमसिनने बटण दाबलं. चारही बाजूंना ऐकू जाणार, हे तिला माहीत होतं. जाऊ दे. सगळ्या सभागृहाने अर्धं ऐकलं होतं, आता उरलेलं या तिघांनी ऐकलं म्हणून काय बिघडतं?

"जेथ्रो, मला तू आवडतोस. फार आवडतोस. आयर्लंडला गेलास तरी आवडशील."



"पॉमफ्रेट बोलतोय," पेटीतून आवाज आला. "आम्हाला सगळं ऐकू येतंय बरं का."

"टॅमसिन," ग्लेनिसबाईंचा आवाज करडा होता, "तुझी नजर कुठे आहे?"

"छपरावर."

"मग बोल काय बोलायचं ते. मिस्टर हॉकिन, तुम्ही आधी मोजा. उत्तर नंतर द्या."

त्याने मोजलं. प्रामाणिकपणे, एकेक, शेवटचं वाघूळ नदीकडे जाईपर्यंत. त्याच्या आवाजात मधूनच हसू यायचं, मधूनच तो अडखळायचा, आणि टॅमसिनला प्रत्येक आकडा आपल्याशीच बोलल्यासारखा वाटत होता.

ग्लेनिसबाईंनी "संपलं" म्हटलं, तसा तो इमारतीला वळसा घालून आला. टॅमसिन उभी राहिली. आता छपराचं बंधन नव्हतं. तरी बघावं कुठे ते तिला कळेना.

"आयर्लंडला कधी निघायचं?" तिने विचारलं.

"नाही निघायचं. नको म्हणून कळवलं."

"आत्ता? इतक्यात?"

"सकाळी."

"सकाळी! पण सकाळी काय माहीत होतं? आज काय निघेल ते..."

"वाघळांचं माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुझं माहीत होतं."

 मागून पॉमफ्रेटसाहेब येत होते, आणि त्यांना काही पोच नव्हती. "वेडा आहेस का रे? हातचं सोडून पळत्याच्या पाठी! शरदापर्यंत खाशील काय?"

"कोंबड्यांची खुराडी शाकारेन. पबाच्या आढ्याला भोक आहे, ते बुजवेन. शरदात पिल्लं उडाली की हे छप्पर आहेच." मग तो टॅमसिनकडे वळला. "आणि तुला बोल लावणार नाही. लावला तर तू मला लेंडीसारखं कुसकर."

टॅमसिनला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला आणि त्याला जवळ ओढलं. त्याच्या केसांना गव्हाचा वास येत होता. वर कुठेतरी चिलटांमागे वाघळं गिरक्या घेत होती, आणि तिच्या हातून गवतात पडलेली पेटी एकटीच खरखरत होती.

"चला, पॉमफ्रेटसाहेब," ग्लेनिसबाई म्हणाल्या, "खुर्च्या उचलू लागा. हिची पाहणी लवकर संपायची नाही."